उंडीचं तेल घरी काढलंय का कोणी?

भरतीओहोटी
१४ एप्रिल, रात्री ९.५०

आजोळचं घर यंदा रंगवायला काढलंय, म्हणून पोटमाळा रिकामा केला. घर गुहागरच्या खाली, पुळणीला (वाळूच्या किनाऱ्याला) लागून. माळ्यावर फुटके रांजण, पाळण्याच्या कड्या, एक बिनवातीचा कंदील आणि कोपऱ्यात चिंधीचं बूच मारलेली काचेची बाटली. आत अर्ध्यापर्यंत काळपट हिरवं, काकवीसारखं घट्ट काहीतरी. मी ओतून टाकणार तेवढ्यात मामा खालून ओरडला, "अरे, ते तुझ्या पणजीचं उंडीचं तेल! ठेव ते, गुडघ्याला लावीन." पणजीला जाऊन तीस वर्षं झाली. बूच काढलं तर वास अजून शाबूत: शिळ्या मेथ्या आणि खवट अक्रोड यांच्या मधला काहीतरी.

घरामागे उंडीची तीन झाडं आहेत, खाली फळांचा सडा पडलाय. म्हटलं, आपणही काढून बघू. बादलीभर फळं फोडली, आतला गर मिक्सरमधून काढला, फडक्यात घालून पिळला. तेल सोडा, ओल्या खोबऱ्याच्या चोथ्यासारखा पांढरा लगदा फक्त हाताला चिकटला. मामीने मिक्सरचं भांडं बाहेर ठेवलंय, घरात घेत नाही.

चुकलं कुठे? आणि तेलाशिवाय या झाडाचा आणखी काय उपयोग करायचे? मामाला एवढंच आठवतं की "सगळ्याला लागायची".

---

शहाळेवाला
१४ एप्रिल, रात्री १०.१५

उंडी म्हणजे करंजच ना? करंजाचं तेल दुकानात मिळतं की.

---

रानभूल
१४ एप्रिल, रात्री ११.०२

नाही हो. दोन्ही किनाऱ्याला होतात, दोन्हीचं तेल कडू आणि दिव्याला चालणारं, म्हणून घोटाळा होतो. करंजाचं पान संयुक्त, एका देठावर पाच-सात पर्णिका, आणि फळ म्हणजे चपटी शेंग. उंडीचं पान एकेकटं, समोरासमोर, जाड आणि तेल लावून पुसल्यासारखं चकचकीत. एक पान उजेडासमोर धरून बघा. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत शेकडो बारीक शिरा एकमेकींना खेटून समांतर गेलेल्या दिसतील, फणीच्या दातांसारख्या. आपल्याकडच्या किनाऱ्यावर असं पान दुसऱ्या झाडाला दिसत नाही. एकदा पाहिलंत की पुन्हा चुकणार नाही. कॅलोफायलम इनोफायलम या शास्त्रीय नावातल्या 'कॅलोफायलम'चा अर्थच मुळी 'सुंदर पान'.

फूल पांढरं, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका, मंद गोड वास. फळ गोटीएवढं गोल, आधी हिरवं, मग पिवळट, वाळलं की सुरकुतलेलं तपकिरी. वरच्या पातळ गरासाठी वटवाघळं ते तोंडात धरून नेतात आणि बी लांब कुठेतरी टाकतात. बाकीचं काम समुद्र करतो. कवचाला आतून बुचासारखा हलका थर असतो, त्यामुळे बी तरंगत तरंगत जाते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत हे झाड पसरलंय ते असं.

---

दर्याकाठ
१५ एप्रिल, सकाळी ७.३०

आमच्या मालवणात पोरां उंडयेचे गोटये करून खेळत. शाळेत जाताना खिशे भरलेले. सुकलेली फळां बरी, हिरवी मारलास तर फुटत नाय पण हाताक चीक लागता, मगे आयेचो मार. एका बाजून भोक पाडून आतलो गर टाचणीन काढलो की शिट्टी व्हता, अगदी कान फाटतीत अशी. तेलाचां माका ठावक नाय, पण गर कोणी खाव नको. कडू जहर!

---

सावळी
१५ एप्रिल, सकाळी ११.२०

ओल्या गरात तेल शोधताय, तिथेच चुकलं.

माझ्या आजोबांचा लाकडी घाणा होता. नारळ आणि तीळ नेहमीचे, पण उन्हाळ्यात आठवडाभर फक्त उंडी. ती मुद्दाम शेवटी, कारण एकदा उंडी घातली की घाणा कडू होतो. मग तो राखेने घासायचा, पेंड फिरवायची, तरी पहिलं खोबरेल बायका नाकाला लावून बघायच्या.

कृती अशी. झाडाची फळं तोडायची नाहीत, पडलेलीच वेचायची. वरची साल कुजून गेली असेल तर उत्तमच. कवचासकट चार-पाच दिवस उन्हात टाका, मग फोडा. कवच पातळ असतं, जोरात हाणलंत तर आतली बी चिरडते, तेव्हा पाट्यावर ठेवून वरवंट्याने हलकेच टिचकी द्या. आत सुपारीएवढा पिवळट पांढरा गोळा निघेल. आता तो विसरून जायचा! म्हणजे रोज उन्हात घालायचा, रात्री आत घ्यायचा आणि दीड महिना काहीही करायचं नाही. पहिल्या आठवड्यात वाटेल, नुसता सुकतोय. तिसऱ्या आठवड्यात रंग पालटायला लागतो, आधी मधासारखा, मग विटकरी, शेवटी जुन्या खजुरासारखा. तेव्हा बोटात दाबलात की बोट तेलकट होतं. वासही तेव्हाच येतो, ओल्या गराला काही वास नसतो. नीट वाळलेल्या गरात निम्म्याहून जास्त तेल भरतं.

आजी सुपातले गोळे हातात घेऊन मनगटाजवळ कातडीवर घासायची. चमक उमटली की म्हणायची, "आली." तोवर आजोबांनी कितीही घाई केली तरी ऐकायची नाही.

आज १५ एप्रिल. मृगाच्या आत वाळवण आटोपायला हवं. पावसाळी हवा लागली तर बुरशी धरते आणि सगळं उकिरड्यावर जातं. आत्ताच सुरू करा.

---

भरतीओहोटी
१५ एप्रिल, दुपारी १.०५

सावळीताई, हे सोनं दिलंत. आज संध्याकाळीच पुन्हा वेचायला जातो. मामीला सांगितलं की या वेळी मिक्सर लागणार नाही, तेव्हा कुठे जेवायला वाढलं.

---

वल्हं
१६ एप्रिल, रात्री ९.४०

बाकीच्या उपयोगांबद्दल लिहितो. वडील होड्या बांधायचे, मी बांधत नाही, फक्त बघितलंय.

किनाऱ्यावरची उंडी क्वचितच सरळ वाढते. खाऱ्या वाऱ्याने लहानपणीच वाकते, बुंधा वाळूवर जवळपास आडवा, मग तिथून फांद्या वर. सुतार अशा झाडाकडे बघून नाक मुरडतो, होडीवाल्याचे डोळे मात्र चमकतात. होडीच्या आतल्या वाकड्या फासळ्यांना आम्ही वाक म्हणतो. त्या सरळ फळीतून कापून काढल्या तर लाकडाची रेषा मध्येच तुटते आणि पहिल्या मोठ्या लाटेला तिथेच तडा जातो. म्हणून झाडात आधीपासूनच तसं वळण असलेलं लाकूड शोधायचं. वडील पुळणीवरून चालताना फांदीखाली उभे राहायचे, हात पसरून बाक मोजायचे आणि म्हणायचे, "ह्यात एक वाक आहे." मला नुसती फांदी दिसायची.

लाकूड लालसर, जड, खाऱ्या पाण्यात टिकाऊ. पण त्याच्या रेषा उलटसुलट गुंतलेल्या असतात, रंधा मारायला गेलात तर एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने केस उपटल्यासारखं. त्यामुळे आम्ही फळ्यांना दुसरं लाकूड घ्यायचो. हाच गुंता वाकेला मात्र उपयोगी पडतो, लाकूड सहजी चिरत नाही. बैलगाडीच्या कामालाही उंडी वापरायचे असं वडील सांगत.

डोलकाठीला उंडी नाही. तिथे तिची घाटातली भावंडं लागायची, सदाहरित रानात उजेडासाठी सरळसोट वर गेलेली. इंग्रज त्याच लाकडाला पून म्हणत आणि जहाजांच्या काठ्यांसाठी घेऊन जात.

तेल होडीलाही लावायचे. एकटं नव्हे, मासळीच्या तेलात मिसळून, बाहेरून दोन हात. त्या वासाची होडी वाऱ्याच्या दिशेला लागली असेल तर जेवण सोडून उठावं लागायचं, हे जाता जाता.

---

गडकोट
१६ एप्रिल, रात्री १०.२६

म्हणजे शिवकालीन आरमारातही उंडीच. आज्ञापत्रात उल्लेख आहे बहुतेक.

---

वल्हं
१६ एप्रिल, रात्री १०.५८

आज्ञापत्रात सागवानाचं नाव आहे, आणि आंबा-फणसाचं. आंबे-फणस आरमाराच्या कामाचे असले तरी रयतेने लेकरासारखी वाढवलेली झाडं, त्यांना हात लावू नये, असं ते प्रकरण आहे. उंडीचं नाव त्यात नाही. कोकणात होड्यांना वापरली जायची म्हणून आरमारातही असेल असं वाटू शकतं, पण ते आपलं वाटणं.

---

शब्दवेडी
१७ एप्रिल, दुपारी ३.१५

संस्कृतातला पुन्नाग तो हाच असं बहुतेक कोशकार धरतात. कालिदासाच्या रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघू दिग्विजय करत सह्याद्री ओलांडून अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणात उतरतो. तिथे एक मजेदार श्लोक आहे: हत्तींच्या गंडस्थळातून मद वाहतोय, त्याच्या वासाने भुंगे पुन्नागाची फुलं सोडून हत्तींकडे धावतात. उज्जैनच्या कवीने कोकण रंगवताना नेमकं हे झाड घ्यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

काही जण मात्र पुन्नाग म्हणजे सुरंगी मानतात.

---

रानभूल
१७ एप्रिल, सायंकाळी ६.४०

सुरंगी, उंडी आणि नागचाफा (नागकेशर) ही तिन्ही आता एकाच कुळात मोडतात. पूर्वी कोकमही याच मोठ्या कुळात धरायचे, आता ते शेजारच्या कुळात गेलंय. चीक, चकचकीत जाड पानं, पुंकेसरांचा झुबका, ही सगळी घराण्याची नाकं. त्यामुळे जुन्या ग्रंथांतली नावं एकमेकांत मिसळली तर नवल नाही. भुंग्यांवरून निकाल लावायचा म्हटलं तरी अडचण, ते तिन्हींवर येतात!

सुरंगी ओळखायची खूण म्हणजे फुलं पानांत नव्हे, जुन्या जाड फांद्यांना थेट लगडलेली असतात.

---

दर्याकाठ
१७ एप्रिल, रात्री ८.०५

सुरंगीचो विषय काढलास आणि वेंगुर्ल्याचो वळेसार (गजरो) डोळ्यांसमोर इलो. आसोलीची सुरंगी! बरां, चालू दे उंडयेचां.

---

काढा_नको
१८ एप्रिल, सकाळी ९.१०

मी ॲलोपॅथीचा डॉक्टर, आयडीवर जाऊ नका, आजीमुळे घेतलाय. संधिवात, खरूज, जुनाट जखमा यांवर हे तेल चोळण्याची पद्धत आपल्याकडेच नाही तर पॅसिफिकमधल्या बेटांवरही आहे. ताहितीत याला तमानू म्हणतात. त्याच नावाने हेच काळपट हिरवं तेल आता ड्रॉपरच्या इवल्याशा बाटलीतून सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलं जातं. प्रयोगशाळेत याच्या घटकांचे काही जंतूंवर परिणाम दिसलेत, हे खरं. पण त्यावरून 'आजारावर रामबाण' म्हणणं म्हणजे उडी नव्हे, लांब उडी.

तीन गोष्टी पाळा. पोटात अजिबात घ्यायचं नाही, बी विषारी आहे. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. आणि तेल आधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस थांबा, काहींना पुरळ येतं. मामांच्या तीस वर्षांच्या बाटलीबद्दल माझं मत विचारू नका, सांगेन ते त्यांना आवडणार नाही.

---

शहाळेवाला
१८ एप्रिल, सकाळी ९.४८

मामांचे गुडघे कसे आहेत पण?

---

भरतीओहोटी
१८ एप्रिल, दुपारी १२.३०

मामा म्हणतो फरक आहे. मामी म्हणते फरक फक्त चादरींना पडलाय. हिरवे डाग निघत नाहीत.

---

सावळी
१८ एप्रिल, दुपारी २.१७

डाग निघत नाहीतच. तेलात राळेचा अंश बराच असतो, त्यानेच ते एवढं घट्ट आणि गडद होतं. आणि दिव्यात काजळीही त्यामुळेच धरते. आमच्याकडे घरात खोबरेलाचा दिवा आणि गोठ्यात, पडवीत, आगरात उंडीचा. देवासमोर कडू तेल लावायला आजी तयार नसायची. शेजारच्या घरी देवालाही उंडीच चालायची, कारण त्यांच्याकडे नारळ कमी आणि उंड्या जास्त. धर्म बहुतेक ज्याच्या आगरात जे असेल त्याप्रमाणे ठरतो.

रॉकेल गावात यायला लागलं आणि घाण्यावरचा तो उंडीचा आठवडा हळूहळू चार दिवसांवर आला, मग दोन, मग कोणी आणेचना. दीड महिना वाळवायचं, फोडायचं, घाण्यावर पाळी लावायची, त्यापेक्षा डबा घेऊन दुकानात जाणं केव्हाही सोपं. आजोबांना त्याचं दुःख नव्हतं, घाणा घासायचा त्रास वाचला म्हणाले. दुःख वगैरे मी आता करतेय, वीज असलेल्या घरात बसून.

---

पाणमांजर
२ मे, रात्री ९.३३

उशिरा वाचलं. आमचं श्रीवर्धनजवळ. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वाडीतल्या पोफळी काड्या मोडाव्यात तशा मोडल्या, नारळ आडवे झाले, पुळणीवरची सुरूची झाडं मुळासकट उपटली. कडेची उंडी पानं झडून नागडी झाली होती, दोन फांद्या गेल्या, पण उभी. दोन-अडीच महिन्यांत परत हिरवी. तेव्हापासून वडील तिच्या बिया गोळा करून पुळणीकडच्या गडग्यालगत (दगडी कुंपणालगत) लावतायत. वाढ मात्र फार सावकाश. पाच वर्षांत डोक्याएवढी झाली तर धन्य.

---

भरतीओहोटी
९ जून, रात्री १०.२०

धागा वर काढतोय. तेल निघालं.

सहा आठवडे रोज सकाळी गर अंगणात पसरणं आणि सायंकाळी आत घेणं चाललं होतं. चौथ्या आठवड्यात एका दुपारी वळवाची सर आली, मी झोपलो होतो. मामी, तीच मामी, पदर खोचून धावली आणि सगळं सूप पडवीत आणलं. अर्धा पायलीभर गर भिजला तो फेकावा लागला, उरलेला वाचला. रंग अगदी सावळीताईंनी लिहिलाय तसाच पालटला. २५ मेला एक गोळा मनगटावर घासला आणि चमक उमटली. "आली" असं मोठ्याने म्हणालो, ऐकायला फक्त कुत्रा होता.

घाणेवाल्याने मात्र दारातूनच परत पाठवलं. "खाण्याच्या तेलाचा घाणा आहे, बाटवायचा नाही." त्याचं बरोबरच आहे. मग उखळात कुटलं, कुटलेला गर कापडात बांधून मोदकपात्रात वाफवला आणि दोन फळ्यांमध्ये ठेवून वर दगड, त्यावर मी. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग फळीच्या कडेला एक हिरवा थेंब फुगला, बराच वेळ तसाच राहिला आणि खाली न पडता ओघळ होऊन सरकला. साधारण किलोभर गरातून जेमतेम दीड वाटी तेल. पेंडीत अजून बरंच राहिलंय, हाताने तेवढं निघत नाही.

पेंडीचं काय करू? गुरांना?

---

सावळी
९ जून, रात्री १०.४१

गुरांना मुळीच नको! माडाच्या आळ्यात घाला. आमच्याकडे तीच खत म्हणून जायची. आणि तेल दोन-चार दिवस हलवू नका, गाळ तळाला बसू दे, मग वरचं निवळ अलगद काढा.

मामींना माझा नमस्कार सांगा.

---

वल्हं
९ जून, रात्री ११.१२

थेंबाचं वाचून वडिलांना फोन केला. म्हणाले, "दीड वाटीत होडीचं नाकसुद्धा रंगायचं नाही." खूश होते पण.

---

पाणमांजर
१० जून, सकाळी ८.००

अभिनंदन! वाचलेल्या बिया असतील तर लावून टाका, पाऊस आलाच आहे. कवच पूर्ण काढून लावलीत तर तीनेक आठवड्यांत कोंब येतो, कवचासकट लावलीत तर दोन महिने वाट बघावी लागते. मुळांना हलवलेलं फारसं मानवत नाही, तेव्हा पिशवी खोल घ्या.

---

भरतीओहोटी
१३ जून, रात्री ११.४५

काल रात्री पावसाने वीज गेली. मेणबत्ती शोधण्याऐवजी पणतीत ते निवळ तेल घातलं, कापसाची वात. पेटायला वेळ घेतला, दोनदा विझली. मग धरली ती धरली. ज्योत पिवळीजर्द, ठेंगणी, जवळजवळ न हलणारी. दोन चमचे तेलात दिवा दोन तासांच्या वर चालला. वास काही वाईट नाही हो, खमंगच वाटला. पणतीच्या वर भिंतीला तळहाताएवढी काजळी धरलीय. घर नुकतंच रंगवलंय.

सोळा बिया पिशव्यांत लावल्यात. जास्तीच्या चाळीसेक आहेत. कोणाला हव्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कवच काढूनच पाठवतो.

---

शहाळेवाला
१४ जून, सकाळी ६.५५

मला दोन. करंज नको, उंडीच पाठवा.